बाणाची पिसे आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वर्षावास प्रवचनमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षावासाच्या या प्रवचनमालेत दर रविवारी विद्वान वक्ते बोलून गेले. त्यांच्या रांगेत उभे राहण्याची आमची योग्यता नाही, याची आम्हाला जाणीव आहे. आम्ही म्हणजे मंडळाच्या धनुर्विद्या वर्गातील सामानाची दुरुस्ती पाहणारे चौघे. एक निवृत्त सुतार, एक शाळेतील शिपाई, एक शिवणकाम करणारी भगिनी आणि बाकीच्यांनी बोलायला पुढे ढकललेला हा बँकेतील कारकून. बोलणारे तोंड एक असले तरी जे घडले ते चौघांच्या हातून घडले. म्हणून आज आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार आहोत.

आमचा विषय ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे, लाकडी बाणाची झिजलेली पिसे बदलणे. धम्माच्या व्यासपीठावर पिसांचे काय काम, असे कोणी विचारील. शेवटपर्यंत ऐकावे, एवढीच विनंती.

हा वर्ग कसा सुरू झाला ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे आपल्या महाराष्ट्राचे दोन तरुण खेळाडू विश्वविजेते ठरले. ती बातमी वाचून आपल्या वस्तीतील मुले झाडाच्या फांद्या वाकवून धनुष्ये करू लागली. विश्वविजेते वापरतात ते कंपाउंड धनुष्य, कार्बनचे बाण, त्यांना प्लॅस्टिकचे पंख. त्या सामानाची किंमत ऐकून आपण सगळे गप्प बसलो. पण आपल्या देशात इंडियन राउंड नावाचाही एक प्रकार आहे. त्यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य आणि साधेच बाण घेऊन ३० आणि ५० मीटर अंतरावर नेम धरतात. ते आपल्याला झेपण्यासारखे होते. मंडळाने वर्गणी काढली आणि सहा धनुष्ये व चोवीस जुने लाकडी बाण घेतले. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत पेंढ्याचे निशाण उभे राहिले. पहिल्या महिन्यात अठरा मुले आली. त्यांत अकरा मुली होत्या, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

बांधवांनो, बाणाला पिसे का लावतात, हे आधी सांगितले पाहिजे. पुष्कळांना वाटते की ती शोभेसाठी असतात. आम्हालाही तसेच वाटे. बिनपिसांचा बाण एकदा सोडून पाहिला की हा गैरसमज दूर होतो. तो थोड्याच अंतरात आडवा होतो आणि फेकलेल्या काठीसारखा पडतो. पिसे मागच्या टोकाला वारा अडवतात. त्यामुळे मागचे टोक मागेच राहते आणि अणी पुढे जाते. धनुष्यातून बाण सरळ सुटतो असे आपल्या डोळ्यांना दिसते. प्रत्यक्षात दोरीचा धक्का बसताच त्याची काडी वाकते, माशासारखी वळवळते, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जाते आणि मग हळूहळू सरळ होते. ही वळवळ लवकर थांबवणे हे पिसांचे काम. पीस वाटेत हाताला लागले तर दबते आणि पुन्हा उठते. प्लॅस्टिकचा पंख तसा दबत नाही, तो आपटतो आणि बाणाला बाजूला लोटतो. म्हणून साध्या धनुष्याला आजही पीसच चांगले.

पक्ष्याच्या पंखातील मोठ्या पिसाला जन्मतःच बाक असतो. डाव्या पंखाचे पीस एका अंगाला वळलेले, उजव्या पंखाचे दुसऱ्या अंगाला. एका बाणाला तीन पिसे लागतात आणि ती तिन्ही एकाच बाजूच्या पंखातील असावी लागतात. मग बाण हवेत स्वतःभोवती फिरतो. भोवरा जसा फिरतो तोवर उभा राहतो, तसा हा बाण फिरतो तोवर सरळ जातो. दोन डावी आणि एक उजवे असे झाले तर पिसे एकमेकांशी भांडतात आणि बाण भरकटतो. तीन पिसांपैकी एक वेगळ्या रंगाचे घेतात. ते मागच्या खाचेशी काटकोनात बसवतात आणि बाण लावताना धनुष्याच्या उलट दिशेला ठेवतात, म्हणजे सुटताना ते दांड्यावर घासत नाही. आमची मुले त्याला 'म्होरक्या' म्हणतात.

पिसे झिजतात ती अनेक कारणांनी. बाण निशाणात खोल शिरला की पेंढा पिसांना खरवडतो. नेम चुकला की तो गवतात, कधी काट्यांत शिरतो. पावसात पिसे भिजून चिकटतात. आणि पेटीत नीट ठेवले नाहीत तर कसर लागते. मागच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या सहा बाणांची पिसे कसरीने अशी खाल्ली, की नुसते देठ उरले. तेव्हापासून पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवतो.

प्रत्येक दबलेले पीस बदलावे लागत नाही, हेही आम्ही उशिरा शिकलो. नुसते चपटे झालेले पीस चहाच्या किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरले की ते फुलून उठते. आधी वाफ द्यावी, मग निर्णय घ्यावा. पिसाचे केस तुटले असतील, देठ सुटला असेल, तरच ते काढायचे. धारेचा चाकू न घेता बोथट चाकू घ्यायचा आणि पाते काडीशी चपटे धरून देठ खरवडायचा. काडीच्या लाकडात पाते शिरता कामा नये. जुना गोंद पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासायचा, काडी स्वच्छ पुसून वाळू द्यायची. मग जिग नावाच्या छोट्या साच्यात बाण अडकवून एक पीस चिकटवायचे, ते पक्के होईपर्यंत थांबायचे, बाण एक तृतीयांश फिरवायचा, दुसरे पीस चिकटवायचे. तीन पिसांना सगळे मिळून तासभर जातो. शेवटी देठाच्या पुढच्या टोकावर गोंदाचा एक थेंब सोडायचा किंवा दोऱ्याचे चार वेढे घालायचे. ते टोक उचकटलेले राहिले तर बाण मुठीवरून जाताना हात चिरतो.

पिसे आणतो ती टर्की कोंबड्या पाळणाऱ्यांकडून. रानातल्या पक्ष्याचे पीस आम्ही घेत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी बौद्धाने पिसासाठी पक्षी मारावा असे आम्हाला वाटत नाही.

हे सगळे आज आम्ही तोंडपाठ सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये यातले अर्धेच आम्हाला ठाऊक होते, आणि ठाऊक होते तेही आम्ही पाळले नाही. आता ती गोष्ट सांगतो. ती आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, पण आमच्या तोंडून आपण ती ऐकलेली नाही.

शालेय स्पर्धा चार दिवसांवर आली होती. चोवीसही बाणांची पिसे गेलेली होती. आम्ही दोन रात्री जागून सगळे बाण दुरुस्त करायचे ठरवले. समाजमंदिरात एका बल्बच्या उजेडात बसलो. एकजण जुनी पिसे काढी, दुसरा घाशी, तिसरी पिसे कापी, चौथा चिकटवी. हातांहातांतून बाण जात होते. साचा एकच होता, म्हणून निम्मे बाण हातानेच चिकटवले. दुसऱ्या रात्री बारा वाजता काम संपले. लाल आणि पांढऱ्या पिसांचे चोवीस बाण रांगेत मांडले तेव्हा ते अगदी कोरे दिसत होते. आम्ही खूश झालो. कोणीतरी फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावात सातवीतल्या एका मुलीने धनुष्य ओढले आणि बाण सोडताक्षणी तो तुटला. मागचा तुकडा दोरीने पुढे ढकलला आणि तिच्या डाव्या हातात, अंगठा व तर्जनीच्या मधल्या मांसात शिरला. पोरगी ओरडली नाही. हाताकडे बघत उभी राहिली. पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच इकडे-तिकडे झाले असते तर अंगठ्याची हालचाल गेली असती.

आम्ही तुटलेला बाण आणून पाहिला. भेग जुनी होती. ती पिसाच्या देठाखालून खाचेपर्यंत गेलेली होती. जुने पीस काढताना ती दिसायला हवी होती. कदाचित दिसलीही असेल, आणि रात्रीच्या घाईत ओरखडा वाटली असेल. आम्ही तिच्यावर गोंद लावला आणि वर नवे पीस चिकटवले. म्हणजे बांधवांनो, आम्ही भेग दुरुस्त केली नाही. आम्ही भेग झाकली.

रात्री तिच्या घरी गेलो. तिची आई शेतमजुरीला जाते. तिने आम्हाला पाणी दिले, बसायला सांगितले आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊ, तो बाण कोणी दुरुस्त केला होता?"

आम्ही म्हणालो, "ताई, आम्ही चौघांनी."

ती म्हणाली, "चौघांनी नाही. त्या बाणाचं जुनं पीस कोणाच्या हातानं निघालं, ते सांगा."

आम्हाला सांगता आले नाही. आमच्यातला एकजण बँकेत काम करतो. तिथे एका रुपयाच्या व्हाउचरवरही सही कोणाची ते सांगता येते. लेकराच्या हातात द्यायच्या बाणावर मात्र कोणाचीही सही नव्हती.

त्यानंतर मंडळाची जी सभा झाली, तिच्यात तीन मते मांडली गेली. कोणाचेही नाव न घेता आम्ही ती सांगतो, कारण आजचे भाषण त्या तीन मतांना दिलेले उत्तर आहे.

पहिले मत असे, की विहाराच्या अंगणात धनुष्यबाण आणलेच कशाला. देवदत्ताने हंसाला बाण मारला आणि सिद्धार्थाने तो बाण काढून हंसाला वाचवले, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो आणि त्याच पोरांच्या हाती धनुष्य देतो. या मताचा आम्ही आदर करतो. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे. परंतु आपले निशाण पेंढ्याचे आहे आणि बाण कोणा जिवावर सुटत नाही. आपला शेजारी भूतान हा बौद्ध देश आहे आणि धनुर्विद्या हा १९७१ पासून तिथला राष्ट्रीय खेळ आहे. तेव्हा धनुष्य हातात घेतल्याने कोणी देवदत्त होत नाही. एवढे मात्र खरे, की आमच्या दुरुस्तीतून जिवाला इजा झाली. ती देवदत्ताच्या द्वेषातून झाली नाही, आमच्या बेफिकिरीतून झाली. ज्याला टाका पडतो त्याला मात्र दोन्हींतला फरक कळत नाही.

दुसरे मत असे, की दोष बाण विकणाऱ्याचा आहे. त्याने जुना माल गळ्यात मारला, त्याला जाब विचारावा. त्या मताने आमची सुटका होत होती, म्हणून खरे सांगायचे तर ते आम्हाला आवडले. पण बाण जुने आहेत हे आपण पैसे देतानाच जाणत होतो.

तिसरे मत सर्वांत वजनदार होते. एका ज्येष्ठ उपासकांनी मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्ताचा दाखला दिला. ती कथा थोडक्यात अशी. श्रावस्तीला जेतवनात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू भगवंतांकडे आला. जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर आपण हा मार्ग सोडून देऊ, असे तो म्हणाला. तेव्हा भगवंतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचे उदाहरण दिले. नातेवाईकांनी वैद्य आणला, पण जखमी म्हणतो, आधी बाण मारणारा कोण ते सांगा. क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, उंच की ठेंगणा, कोणत्या गावचा. धनुष्य कसले, दोरी कसली, काडी कसली. पिसे कोणाची, गिधाडाची की बगळ्याची, ससाण्याची की मोराची. काडीवर गुंडाळलेली तात कोणत्या जनावराची. हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. असा माणूस उत्तरे मिळण्यापूर्वीच मरून जाईल, असे भगवंतांनी सांगितले.

ज्येष्ठ उपासक म्हणाले, बुद्धांनीच सांगून ठेवले आहे, पिसे कोणाची हे विचारत बसू नका. मुलीच्या उपचाराचा खर्च मंडळाने द्यावा आणि विषय मिटवावा.

खर्च मंडळाने दिलाच. पण विषय मिटवावा, यावर आम्ही चौघे त्या रात्री झोपलो नाही. पुढचे पंधरा दिवस आम्ही ते सुत्त पुन्हा पुन्हा वाचले. आम्ही पाली जाणत नाही, मराठी अनुवाद वाचला. आमच्या अल्पबुद्धीला जे कळले ते सांगतो, चुकत असेल तर भन्तेजींनी दुरुस्त करावे.

पहिली गोष्ट. त्या जखमी माणसाचा अगदी पहिला प्रश्न मारणाऱ्याच्या वर्णाचा आहे. अंगात विष चढते आहे आणि हा जात विचारतो आहे. आपल्या समाजाला यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट. भगवंतांनी बाणाची जी माहिती दिली आहे, ती कारागिराच्या घरात बसून पाहिल्याशिवाय कोणी देऊ शकणार नाही, असे आम्हाला वाटते. काडीला पिसे लागतात, ती वेगवेगळ्या पक्ष्यांची असतात, काडीवर तात गुंडाळतात, हे सर्व त्यांनी क्रमाने सांगितले. आम्ही पिसे चिकटवल्यावर दोरा गुंडाळतो तेव्हा ही तात आम्हाला आठवते. ज्याने हे काम इतके बारकाईने पाहिले, तो या कामाला तुच्छ लेखत असेल, असे आम्हाला वाटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तो प्रश्न विचारणारा माणूस जखमी आहे. जखमीने पिसे कोणाची हे विचारत बसू नये, कारण त्याचे पहिले काम बाण काढून घेणे हे आहे. पण पिसे लावणाऱ्याचे काय? पिसे कोणाची, डावी की उजवी, काडीला भेग आहे की नाही, हे प्रश्न त्याने विचारले नाहीत तर कोणी विचारायचे? एकच प्रश्न जखमीच्या तोंडी व्यर्थ आहे आणि कारागिराच्या तोंडी कर्तव्य आहे. भगवंतांनी प्रश्न विचारणाऱ्याला अडवले ते त्याचा जीव वाचावा म्हणून. आपण त्या आईचा प्रश्न अडवत होतो ते आपली अब्रू वाचावी म्हणून. सुत्त तेच होते, वापर उलटा होता.

बाण करणाऱ्याला धम्मात मोठे स्थान आहे. धम्मपदात एकाहून अधिक ठिकाणी त्याची उपमा आली आहे, आणि अट्ठकथेत पंडित सामणेराची गोष्ट आहे. सात वर्षांचा हा श्रामणेर सारिपुत्तांच्या मागून भिक्षेला चालला होता. वाटेत त्याने पाट काढून पाणी नेणारे पाहिले, बाण तापवून सरळ करणारे पाहिले, लाकूड तासून चाके घडवणारे पाहिले. त्याने विचार केला, पाणी, बाण, लाकूड यांना मन नाही, तरी माणूस त्यांना वळण लावतो, मग मन असलेल्या माणसाला आपल्या मनाला वळण का लावता येऊ नये? तो तिथूनच परतला आणि साधनेला बसला. महाजनक जातकातही असाच एक कारागीर भेटतो. तो बाणाची काडी निखाऱ्यांच्या भांड्यात तापवतो, आंबलेल्या पेजेने ओली करतो आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने तिच्याकडे पाहतो. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर नजर पसरते आणि वाकडेपणा दिसत नाही, असे तो सांगतो. आम्ही हा प्रयोग केला. बांधवांनो, अडीच हजार वर्षांपूर्वीची ती रीत आजही खरी आहे. बाण डोळ्यासमोर आडवा धरून, एक डोळा मिटून, हळूहळू फिरवला की केसाएवढा बाकही दिसतो. आमच्यातल्या सुतारकाकांनी मंद आच देऊन तीन बाण सरळ केले.

आता त्या प्रसंगानंतर आम्ही काय बदलले ते सांगतो.

दुरुस्ती आता रात्री करत नाही. रविवारी सकाळी, उन्हात करतो. प्रत्येक बाणाला शाईने क्रमांक घातला आहे आणि एक नोंदवही केली आहे. बाण क्रमांक, पिसे कधी काढली, कोणी काढली, काडी कोणी तपासली, नवी पिसे कोणी लावली, पुढे सही. काढणारा आणि तपासणारा वेगळा असतो. जुनी पिसे निघाल्यावर काडी उघडी असते, तेव्हाच तपासायची. बाणाची दोन टोके धरून कानाजवळ हळूच वाकवायची आणि थोडी फिरवून पुन्हा वाकवायची. भेग असेल तर ती करकरते. अणीच्या मागे आणि खाचेजवळ नखाने चाचपायचे. काडीच्या लाकडाच्या रेषा पाहायच्या. त्या मधेच तिरप्या बाहेर पडत असतील तर तिथेच ती तुटणार. खाच रेषांना आडवी आहे की नाही तेही पाहायचे, कारण ती रेषांच्या दिशेने असेल तर दोरीच्या धक्क्याने काडी उभी चिरते. शंका आली की बाण बाद. आणि बाद केलेला बाण कोपऱ्यात ठेवायचा नाही. गुडघ्यावर मोडून दोन तुकडे करायचे, म्हणजे उद्या कोणी कंजूषपणाने त्याला पुन्हा पिसे लावणार नाही. सरावाआधी सोडणारानेही आपला बाण स्वतः वाकवून पाहायचा. मुलांना हे आम्ही सक्तीचे केले आहे.

अशा तपासणीत उरलेल्या तेवीसपैकी नऊ बाण बाद झाले. नऊ. म्हणजे त्या संध्याकाळी आणखी नऊ मुलांच्या हातांत आम्ही तशीच जोखीम दिली होती. ते नऊ बाण मोडताना आमच्या मनाची काय अवस्था झाली, ते शब्दांत सांगता येणार नाही.

ती मुलगी चार महिने आली नाही. नंतर आईबरोबर आली. आई पहिले तीन रविवार सरावाच्या वेळी हाताची घडी घालून उभी होती. तिने नोंदवही मागून घेतली. तिला वाचायला जड जाते, म्हणून मुलीने एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटच्या रकान्यात सह्या आहेत हे पाहून तिने वही परत दिली आणि पुढच्या रविवारपासून ती मजुरीला गेली. मुलीच्या हातावर वण आहे. बाण सोडण्यापूर्वी ती तो कानाजवळ धरते, वाकवते आणि ऐकते. तिचे पाहून बाकीची मुलेही आता न सांगता ऐकतात.

बांधवांनो, आम्ही कारागीर माणसे, उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या वाचनालयाला आपण सहा वर्षांत दोनदा रंग दिला. नवे फलक लावले. पण कोणते पुस्तक कोणाकडे गेले याची वही आपल्याकडे नाही. जयंतीचा मंडप दरवर्षी मोठा होतो, आणि त्याच मंडपामागच्या खोलीत चालणारा अभ्यासवर्ग शिक्षक नाही म्हणून बंद पडतो. ही सगळी पिसे आहेत. पिसे हवीत, त्यांच्याशिवाय बाण जात नाही, हे आम्ही आधीच सांगितले. पण पिसे बदलण्याचा दिवस हाच काडी तपासण्याचा दिवस असतो. नव्या पिसांखाली भेग झाकली तर ती दिसत नाही एवढेच, ती जात नाही. आणि शेवटी ती ज्याच्या हातात फुटते, तो हात बहुधा सर्वांत लहान असतो.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला जो धम्म दिला, त्यात प्रज्ञा, शील, करुणा यांची नावे आपण एका दमात घेतो. आम्हाला या एका वर्षात त्यांचा अर्थ एवढाच कळला, की भेग ओळखता येणे ही प्रज्ञा, सही करणे हे शील, आणि ज्याच्या हाती बाण द्यायचा त्याचा हात आपलाच आहे असे समजणे ही करुणा.

वर्ग बंद करावा की चालू ठेवावा, याचा निर्णय कार्यकारिणीने या महिन्याच्या सभेत घ्यायचा आहे. आमची विनंती, तो चालू राहावा. बंद केल्याने ती भेग आमच्या हातून घडली नव्हती, असे होणार नाही. चालू ठेवल्यास निदान चौदा बाण, सहा धनुष्ये आणि अठरा मुले शहाणी होतील. नव्या बाणांसाठी आम्ही पैसे मागत नाही. आणखी एक साचा आणि रविवारी सकाळी दोन तास देणारी चार माणसे मिळाली, तर पुरे. सही करण्याची तयारी मात्र हवी.

त्या माउलीची क्षमा आम्ही तिच्या घरी जाऊन मागितली होती. आज सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.



नमो बुद्धाय. जय भीम.